पर्यावरण अभियांत्रिकी घेऊ का? शिरोळच्या एका विद्यार्थिनीला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. शिरोळ तालुक्यात पंचगंगेकाठचं गाव. बारावी सायन्स झाली, सीईटीचे मार्क बरे आहेत, फार भारी नाहीत. उन्हाळ्यात नदीला फेस आणि मेलेले मासे बघत मोठी झालीस, म्हणून पर्यावरण अभियांत्रिकी घ्यावी असं मनात आहे. वडील म्हणतात कॉम्प्युटर घे. मामा म्हणतो सिव्हिल घे. आणि शेजारचे एक काका म्हणाले, "त्यात काय, गटारं बघत फिरायचं." नोकरी मिळते का, मुलीला जमतं का, कोल्हापूर परिसरात राहून करता येतं का, असं विचारलंयस.

काकांपासून सुरू करतो, कारण ते चेष्टेत बोलले असले तरी बऱ्यापैकी खरं बोललेत. या शाखेत झाडं लावणं, वाघ मोजणं, जंगलात फिरणं यातलं काहीही नाही. पिण्याचं पाणी शुद्ध करणं, सांडपाणी शुद्ध करणं, कचऱ्याची विल्हेवाट आणि धुराड्यातून काय बाहेर पडतं ते आवरणं, एवढ्यात बहुतेक सगळं आलं. त्यातही पोट भरतं ते मुख्यतः सांडपाण्यावर. मी स्वतः बरीच वर्षं तेच करतोय. घरी आल्यावर बायको आधी बूट बाहेर ठेवायला लावते. हे ऐकून नाक मुरडलं असशील तर पुढचं वाचू नकोस, कॉम्प्युटर घे आणि सुखात राहा.

पुढे वाचतेयस म्हणजे एक गुणाकार करू. शहराला माणशी रोज १३५ लिटर पाणी धरायचं, हा आपल्याकडच्या आखणीतला नेहमीचा आकडा. त्यातलं साधारण ८० टक्के वापरून झाल्यावर गटारात येतं. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहराची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आसपास होती. म्हणजे रोज जवळजवळ सहा कोटी लिटर सांडपाणी झालं. कसबा बावड्याचं सांडपाणी केंद्र ७६ एमएलडीचं, म्हणजे दिवसाला ७ कोटी ६० लाख लिटरचं आहे, दुधाळीचं वेगळं. कागदावर जमतंय की नाही? मग तुझ्या गावाला नदीचा वास का येतो?

शहराच्या खाली नदीकाठची बाकी गावं आणि कारखाने आहेत, त्यांचा वाटा आहेच. पण शहरापुरतंच बोलायचं तर केंद्राची क्षमता म्हणजे केंद्रात पोचलेलं पाणी नव्हे. शहरातल्या जयंती नाल्याचं पाणी बंधारा घालून अडवतात आणि तिथून पंपाने उचलून बावड्याला पाठवतात. वीज गेली, पंप बिघडला किंवा वळवाचा मोठा पाऊस झाला की नाला बंधाऱ्यावरून उडी मारून सरळ पंचगंगेत. बावड्याचं केंद्र कितीही झकास चालू दे, नदीला त्याचा काय उपयोग? शिवाय कित्येक घरांचं सांडपाणी ड्रेनेज लाइनला जोडलेलंच नसतं. आमच्या क्षेत्रातलं निम्म्याहून जास्त दुखणं हे असं आहे. यंत्रणा नाही असं फारसं नसतं. ती असते, पण रोजच्या रोज नीट चालवणारं माणूस नसतं. पदवीवर नाव काय छापलंय यापेक्षा तुला प्लांट चालवता येतो का, यावर तुझी किंमत ठरणार आहे. कॉलेज निवडतानाही हेच धरून चाल.

प्लांट चालवणं म्हणजे काय ते एका चाचणीवरून सांगतो. सांडपाणी केंद्रात मोठ्या टाकीत हवा सोडून जिवाणू वाढवतात. घाण खायचं काम ते करतात, आपण फक्त त्यांना ऑक्सिजन द्यायचा आणि उपाशी किंवा अजीर्ण होऊ द्यायचं नाही. सकाळी त्या टाकीतून एक लिटरचं मोजपात्र भरून नमुना काढायचा, उन्हातनं बाजूला ठेवायचा आणि अर्धा तास हात लावायचा नाही. पहिल्या पाच मिनिटांतच कळायला लागतं. चॉकलेटी रंगाचे कण एकमेकांना धरून खाली बसत गेले, वरचं पाणी नितळ झालं आणि मातीसारखा वास आला, तर जिवाणू खुशीत आहेत. अर्ध्या तासाने गाळ ३०० मिलिलिटरच्या खुणेवर आला आणि टाकीत गाळाचं प्रमाण लिटरला ३००० मिलिग्रॅम असेल, तर गाळाचा निर्देशांक, म्हणजे एक ग्रॅम गाळ किती मिलिलिटर जागा घेतो तो आकडा, येतो १००. उत्तम. तोच गाळ ७०० वर फुगून बसला तर तंतूसारखे जिवाणू माजलेत. असा गाळ पुढच्या टाकीत बसत नाही, पाण्याबरोबर बाहेर निघतो. रंग काळा आणि वास सडक्या अंड्याचा असेल तर रात्री कुणीतरी हवा बंद ठेवली होती. विजेचं बिल वाचवायला, दुसरं काय!

या चाचणीला एक काचेचं पात्र आणि घड्याळ सोडून काही लागत नाही, पण नीट वाचता येणारी माणसं कमी आहेत. चांगले मार्क पडलेले इंजिनिअर माझ्याकडे येतात, बीओडीची (पाण्यातली घाण खायला जिवाणूंना किती ऑक्सिजन लागतो त्या मापाची) व्याख्या घडाघडा म्हणतात, आणि पात्र समोर ठेवलं की गप्प होतात. तसंही बीओडीचा आकडा यायला आपल्याकडच्या पद्धतीने २७ अंशांवर तीन दिवस लागतात. तोवर प्लांट बिघडून बसलेला असतो. रोजचे निर्णय डोळ्यांनी आणि नाकाने घ्यायचे, प्रयोगशाळेच्या आकड्याने ते नंतर पडताळायचे.

आता कोल्हापुरात राहून करता येतं का? हे शिकायला याच्याइतका सोयीचा जिल्हा मला तरी माहीत नाही. आपली घाणच इतकी निरनिराळी आहे. तुझ्या शेजारच्या इचलकरंजीत कापडावर प्रक्रिया करणारे कारखाने आहेत. सायझिंगमधला, म्हणजे सुताला लावलेल्या खळीतला स्टार्च जिवाणू आवडीने खातात, पण डाइंगमधला रंग आणि मीठ त्यांच्या बापाच्याने हलत नाही. रंगासाठी रसायनं टाकून गाळ पाडावा लागतो. विरघळलेलं मीठ तर त्यानेही जात नाही, त्याला आरओ आणि पुढे पाणी आटवायची यंत्रणा लागते. त्याचा खर्च ऐकून मालकाच्या पोटात गोळा येतो.

साखर कारखान्यांचं तंत्र निराळं. प्लांट सहा-सात महिने रिकामा, आणि गळीत हंगाम सुरू झाला की एकदम लोड. जिवाणूंना ते मानवत नाही, म्हणून मोळी पडायच्या आधीच शेण वगैरे घालून टाकी तयार करायला घ्यावी लागते. कारखान्याला डिस्टिलरी जोडलेली असली तर मळीपासून अल्कोहोल काढल्यावर उरणारा स्पेंटवॉश समोर येतो. घरगुती सांडपाण्याचा सीओडी (घाण रसायनाने मोजायचा आकडा) लिटरला काहीशे मिलिग्रॅम असतो, याचा लाखाच्या घरात जातो. त्यापासून आधी बायोगॅस काढतात, मग तो आटवून बॉयलरमध्ये जाळतात किंवा प्रेसमडमध्ये (उसाचा रस गाळून उरलेल्या गाळात) मिसळून कंपोस्ट करतात. एक थेंबही बाहेर सोडायची परवानगी नसते. डिस्टिलरीवर दोन हंगाम नीट काढलेल्या माणसाला या धंद्यात कुणी नाही म्हणत नाही.

शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत पाण्याचं काम थोडं, हवेचं आणि वाळूचं जास्त. भट्टीचा धूर बॅग फिल्टरमधून घ्यायचा, वापरलेली वाळू पुन्हा वापरात आणायची, उरलेली कुठे टाकायची ते बघायचं. धुराड्याच्या तपासणीला शिडीने वर चढून छिद्रातून नळी घालून नमुना घ्यावा लागतो. उंचीची भीती असेल तर आताच सांग. शिवाय दुधाचे प्लांट आहेत, दवाखान्यांचा कचरा आहे, बावड्याच्या झूम कचरा डेपोवरचा डोंगर आहे.

आणि पिण्याचं पाणी. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आली ती आठवायला तू लहान होतीस, घरी विचार. सांडपाणी पिण्याच्या पाण्यात गेलं की काय होतं ते तेव्हा दिसलं, माणसं दगावली. २०१९ आणि २०२१ चा महापूर तर तू स्वतः भोगलायस. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, आणि दोन्ही वेळा पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शहराला चहूबाजूंनी पाण्याने वेढलेलं आणि नळाला पाणी नाही, कारण उपसा केंद्रं पाण्याखाली. टँकरमागे रांगा लागल्या होत्या. मोटार आणि पॅनेल किती उंचीवर बसवायचं हा निर्णय कुणीतरी इंजिनिअर टेबलावर बसून घेतो. पुढची तीस-चाळीस वर्षं गाव त्याचं फळ खातं. काळम्मावाडी धरणातून कोल्हापूरला पाणी आणणारी थेट पाइपलाइन २०२३ मध्ये सुरू झाली, तिच्यावरच्या बातम्या वाचत जा. राजकारण बाजूला ठेवून गळती, व्हॉल्व्ह, वीज एवढंच वाचलंस तरी पाणीपुरवठ्याचा निम्मा अभ्यासक्रम होईल.

मामांचा मुद्दा हलक्यात घेऊ नकोस. सिव्हिलचा आग्रह ते उगाच धरत नाहीत. सरकारी जाहिरातीत पात्रतेची एक ओळ असते, आणि बऱ्याच ठिकाणी तिथे सिव्हिल एवढंच लिहिलेलं असतं. पर्यावरण अभियांत्रिकी 'समकक्ष' धरायची की नाही, यावरून पोरांनी हेलपाटे मारलेले मी पाहिलेत. प्रदूषण नियंत्रण मंडळासारख्या ठिकाणी आपली शाखा चालते, पण जलसंपदा, बांधकाम, जिल्हा परिषद अशा दहा दारांपैकी किती उघडी राहतात ते आधी बघितलेलं बरं. स्पर्धा परीक्षा द्यायची असेल तर मागच्या दोन-तीन भरत्यांच्या जाहिराती काढून ती ओळ स्वतःच्या डोळ्यांनी वाच. क्लासवाल्याच्या तोंडी शब्दावर जाऊ नकोस.

माझं मत विचारशील तर सरकारी नोकरीचं मनात असेल तर सिव्हिल घे, आणि मग एम.टेक. पर्यावरण कर. कारखान्यात, सल्लागाराकडे किंवा प्लांट बांधणाऱ्या कंपनीत जायचं असेल तर थेट पर्यावरणाची पदवी चालते. तिथे केमिकल केलेल्यांचीही स्पर्धा असते आणि काही बाबतींत ते आपल्यापेक्षा सरस ठरतात, हेही ऐकून ठेव. गोकुळ शिरगावच्या केआयटीत हा विषय पदवीला बरीच वर्षं शिकवला जातो. सिव्हिल आणि पर्यावरण एकत्र अशी जोडशाखा मिळत असेल तर तुझ्यासारखीला तीच बरी, दोन्ही दारं किलकिली राहतात. शाखेचं नेमकं नाव यंदाच्या कॅपच्या (केंद्रीय प्रवेश फेरीच्या) यादीत बघ, कारण नावं बदलत असतात आणि पदवीवर जे छापलं जातं तेच पुढे जाहिरातीशी जुळवतात. शिवाजी विद्यापीठात पर्यावरणशास्त्राचा विभाग आहे, पण ती विज्ञान शाखा. नमुने, परीक्षण, परिसंस्था असं ते काम; टाकीचा आकार ठरवायचं काम नव्हे. दोन्हींत गल्लत करून फॉर्म भरणारे दरवर्षी भेटतात.

एम.टेक.च्या प्रवेशासाठी जी गेट परीक्षा असते तिच्यात २०२१ पासून पर्यावरणाचा स्वतंत्र पेपर आहे. त्याआधी आमच्या पोरांना सिव्हिलचा पेपर द्यावा लागायचा, स्ट्रक्चरमध्ये दांडी उडायची. आयआयटी मुंबईत या विषयाचा वेगळा विभाग आहे. संशोधनात जायचं असेल तर नागपूरची नीरी आहे, १९५८ पासूनची संस्था.

फीचं घरी बोलली असशीलच. २०२४-२५ पासून वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरातल्या मुलींना कॅपमधून प्रवेश घेतला तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मॅनेजमेंट कोट्याला ते लागू नाही. उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेव, जुलैत तहसीलला काय गर्दी असते ते तुला सांगायला नको.

पगाराचं सरळ सांगतो. सुरुवात कॉम्प्युटरवाल्या मैत्रिणीपेक्षा कमी पगारावर होते, आणि पहिली काही वर्षं दिवाळीत नातेवाईकांसमोर ते जाणवतं. पुढे वाढतो तो अनुभवाने. कारखाना बंद पडायची वेळ येते तेव्हा तो चालू ठेवणाऱ्या माणसाला मालक पैसे देतो. १९७४ चा पाणी कायदा आणि १९८१ चा हवा कायदा यांच्याखाली प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतिपत्र असल्याशिवाय प्रदूषण करणारा कारखाना चालवता येत नाही. ही सक्ती आहे तोवर आपलं काम आहे. शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना तर आता पर्यावरणाचा हिशेब दरवर्षी जाहीर करावा लागतो, आणि तो हिशेब त्या आपल्या माल पुरवणाऱ्यांकडेही मागायला लागल्यात. शिरोलीतल्या छोट्या फौंड्रीलाही पुण्याच्या गिऱ्हाइकाकडून "युनिटला वीज किती, पाणी किती" असे तक्ते भरायला येतात. ते भरून देणारं माणूस तिथे नसतं.

याच सक्तीची दुसरी बाजू तुला कॉलेजात कुणी सांगणार नाही. मालकाला संमतिपत्र हवं असतं, स्वच्छ पाणी हवंच असतं असं नाही. काही ठिकाणी तुला लॉगबुक दिलं जाईल आणि सांगितलं जाईल की रोज पीएच ७.२ लिही. रोज ७.२ येणारा प्लांट जगात नाही. तपासणीला आलेला जाणकार माणूस पहिल्यांदा तेच पान उघडतो आणि मनातल्या मनात हसतो. खाली सही तुझी असते, मालकाची नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून जे आलं तेच लिहायचं. जास्त आलं तर जास्त लिहायचं, शेजारी कारण आणि आपण काय केलं ते लिहायचं. शहाणा मालक अशा लॉगबुकची कदर करतो, कारण अडचणीच्या वेळी तेच कामाला येतं. बाकीच्यांकडे वर्षभर शिकून घ्यायचं आणि निघायचं. सल्लागारांच्या ऑफिसातही तसंच. काही ठिकाणी अहवाल म्हणजे जुन्या अहवालातलं गावाचं नाव बदलणं. अशा ऑफिसात एसी असतो, पण दोन वर्षांनी बाहेर पडताना हातात काही नसतं.

मुलीला जमतं का? प्रयोगशाळा, डिझाइन, परवानग्यांची कामं यांत मुली खूप आहेत आणि चांगलं करतात. प्लांटवर कमी आहेत. जमत नाही म्हणून नव्हे, साइटवर धड बाथरूम नसतं आणि रात्रपाळीला येण्याजाण्याची सोय नसते म्हणून. मुलाखतीला गेलीस की हे दोन प्रश्न बिनधास्त विचार. उत्तर देताना समोरचा चुळबुळ करायला लागला तर कंपनी कशी आहे ते तिथेच कळतं. ऑपरेटर लोक सुरुवातीला "मॅडम, तुम्ही ऑफिसात बसा, आम्ही बघतो" म्हणतील. त्यांच्यावर चिडू नकोस. त्यांच्याबरोबर चहा घे, कुठला ब्लोअर (टाकीत हवा सोडणारं यंत्र) कधीपासून आवाज करतोय ते विचार. वीस वर्षं तिथे असलेल्या ऑपरेटरला जे माहीत असतं ते पुस्तकात नसतं.

एक गोष्ट मात्र मुलगा असो की मुलगी, सगळ्यांना बजावून सांगतो. बंद टाकीत, मॅनहोलमध्ये, जमिनीखालच्या हौदात (संपमध्ये) कुणी सांगितलं म्हणून उतरायचं नाही आणि दुसऱ्यालाही उतरवायचं नाही. तिथला हायड्रोजन सल्फाइड आधी सडक्या अंड्यासारखा वास देतो. प्रमाण वाढलं की नाकाची वास घ्यायची ताकदच मारतो, आणि माणसाला वाटतं गॅस गेला. पहिला कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो. अशा बातम्या तू वाचल्या असशील. २०१३ च्या कायद्याने साधनं आणि संरक्षण न देता गटारात माणूस उतरवणं गुन्हा आहे. "पाच मिनिटांचं काम आहे" म्हणणाऱ्याला तुला तोंडावर नाही म्हणता आलं पाहिजे, तो साहेब असला तरी.

वडिलांना सांग की कॉम्प्युटर सुटत नाही. पाइपलाइनचं जाळं तपासायला ईपॅनेट नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, नकाशांसाठी क्यूजीआयएस आहे, तेही फुकट. ऑटोकॅड आणि एक्सेल तर लागतातच. आता मोठ्या कारखान्यांच्या आउटलेटला ऑनलाइन मीटर असतात, आकडे सरळ मंडळाच्या सर्व्हरला जातात. त्या आकड्यांच्या ढिगातून काल रात्री दोन वाजता काय झालं हे शोधून काढणारा माणूस हवाय. रसायन समजणारे आणि डेटा हाताळणारे, असे दोन्ही एकात फार थोडे आहेत.

ऑप्शन फॉर्म भरायच्या आधी एक काम कर. कुठल्याही प्लांटला भेट दे. इचलकरंजीत ओळखीचं कुणी प्रोसेसमध्ये असेल, नाहीतर जवळच्या साखर कारखान्यात गावातला कुणी ना कुणी कामाला असतोच. त्यांच्याकडून रीतसर परवानगी घे, वडिलांनाही बरोबर ने. तासभर थांब. वास सहन होतो का बघ. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिथे उभं राहिल्यावर तुला प्रश्न पडतात का बघ: ही टाकी गोल का, हा गाळ पुढे कुठे जातो, या पंपाशेजारी दुसरा तसलाच पंप बंद का ठेवलाय. वडिलांनाच आधी प्रश्न पडायला लागले तर नवल वाटून घेऊ नकोस. शेतावर मोटार चालवलेल्या माणसाला पंपाचं कळतं. परत आल्यावर कॅपच्या यादीत पहिला पर्याय कुठला टाकायचा ते दोघांनी मिळून ठरवा. पर्यावरण नको असं ठरलं तरी सिव्हिल दुसऱ्या नंबरवर ठेव, म्हणजे तिसऱ्या वर्षी मन बदललं तर ऐच्छिक विषयांतून परत इकडे येता येतं. कॉम्प्युटरमधून येणं अवघड जातं.